अडीच तारे

जानेवारीतला गुरुवार, दुपारी दीडचा खेळ.
या वेळी या शहरात दुकानं मिटतात,
बेल वाजवणारा माणूस शत्रू ठरतो,
आणि महोत्सवाच्या वेळापत्रकात
पहिलटकर दिग्दर्शकांना नेमकी हीच वेळ देतात.

कोथरूडला, पडदा क्रमांक चार.
गळ्यात लाल दोरीचं ओळखपत्र, पोटात पिठलं-भाकरी,
मांडीवर वही.
अंधारात लिहायची मला सवय आहे.
ओळीवर ओळ चढते, मग घरी येऊन
स्वतःचंच अक्षर
परक्याच्या पत्रासारखं लावत बसायचं.

सिनेमाचं नाव 'रात्रपाळीची चावी'.
पाणीपुरवठ्यातला एक माणूस
गल्लोगल्ली व्हॉल्व्ह उघडतो, बंद करतो.
एवढंच. चौऱ्याण्णव मिनिटं.
चाळिसाव्या मिनिटाला ती लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून
तो पर्वतीच्या पायथ्याशी वळला
आणि मी लिहिलं: आवाज उत्तम.
त्यापुढे वहीत शब्द नाही.
पेनाची एक रेघ आहे,
घसरत घसरत समासाबाहेर गेलेली.

डोळे उघडले तेव्हा पडद्यावर पहाट होती
आणि त्याच्या उजव्या हाताला फडकं बांधलेलं.

रविवारची पुरवणी शुक्रवारीच लागते.
मी लिहून दिलं:
'मधला भाग रेंगाळतो. तिथे काही घडत नाही.'
अडीच तारे.
शेवटी कौतुकाचं एक वाक्य होतं,
ते जागेअभावी गेलं.
खाली गाद्यांच्या सेलची जाहिरात होती.

सोमवारी लॉ कॉलेज रस्त्यावर, चहाच्या गाडीपाशी
एक मुलगा समोर येऊन उभा राहिला.
स्वेटरची कोपरं विरलेली, पाठीवर सॅक.
'मी यशोधन मुळूक. बार्शीचा. चावी माझी.'
मी ग्लास घट्ट धरला.
इथे भांडणाला वेगळं निमंत्रण लागत नाही.
तो म्हणाला, 'मधला भाग मीही तीनदा कापलाय, मॅडम.
नेमका कुठून रेंगाळतो, सांगाल?'
आणि खिशातून पेन काढलं.

मी म्हणाले, 'लयीचा प्रश्न आहे.'

लय हा फार सोयीचा शब्द.
वीस वर्षं त्यानं माझं घर चालवलंय.
मुळूकनं तो तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतला,
खाली रेघ मारली.
चहाचे पैसेही त्यानंच दिले.

संध्याकाळी पुन्हा कोथरूड.
दारात बॅटरी घेऊन उभे असतात ते भिलारे
कंटाळा आला की आत भिंतीला टेकून सिनेमे बघतात,
आजवर एकालाही त्यांनी तारा दिलेला नाही.
विचारलं, गुरुवारी दुपारी, त्या पाणीवाल्याचं
मध्ये काय झालं?

'एक बाई येते हंडा घेऊन. रात्री तीनला.
दोघं पायरीवर बसतात. बोलत काहीच नाहीत.
मग नळातनं आधी हवा येते बघा,
फुस्स, फुस्स,
लई वेळ हवाच.
मला वाटलं आता पाणी येतंय का नाही.'
आणि हात? हाताला काय झालं?
'ते नाही दिसलं. तेवढ्यात एक आजोबा उठले,
त्यांना उजेड दाखवायला गेलो.'

एकच खेळ होता.
सिनेमा आता त्या सॅकमध्ये, बार्शीच्या एसटीत,
पुन्हा कधी कुठे लागेल, लागेल का, ठाऊक नाही.
माझं वाक्य मात्र ग्रंथालयात बांधून ठेवतील,
तारीखवार.

आमच्याकडे पाणी पहाटे साडेपाचला येतं.
त्याआधी खाली रस्त्यात
लोखंडावर लोखंड वाजतं, एकदाच.
इतकी वर्षं मी ते झोपेतच ऐकलं असणार.
हल्ली उठून बादली लावते,
तोटी उघडी ठेवते,
नळ फुसफुसतो
आणि मी घड्याळात बघत उभी राहते,
काही घडत नाही ते
नेमकं किती वेळ.